पायपेटीची झडप

पायपेटीतून सूर निघालाच नाही. निघाला तो सुस्कारा. लांब, थकलेला, म्हशीनं डबक्यात बसताना सोडावा तसा.

पाळकसरांनी वर धरलेला हात वरच राहिला. गाण्यासाठी उघडलेली आमची तोंडं उघडीच राहिली. पेटीशी बसलेल्या नेम्यानं पायांखालचे पायटे पुन्हा दाबले. पुन्हा म्हैस बसली.

"काय झालं रे, नहेम्या?" सरांनी विचारलं.

"हवा धरत नाही, सर."

नहेम्या हे त्याचं नाव, आम्ही म्हणायचो नेम्या. त्याचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागायचं. लहानपणी त्याला घटसर्प झाला होता. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो कागद चुरगाळल्यासारखा खरखराट. त्या खरखराटात तो दिवसाला फार तर वीस वाक्यं बोलायचा आणि त्यातली निम्मी पेटीविषयी असायची.

"काल तर ठणठणीत होती."

"हो, सर."

"मग एका दिवसात हिला झालं काय?"

हे मला ठाऊक होतं. बाकी कुणालाच नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा उभा होतो आणि माझ्या चड्डीच्या खिशात नवीकोरी गलोल होती.

गलोलीला दगड धरायला चामडं लागतं. मऊ, पण न ताणणारं. वसतिगृहात असं चामडं कुठं मिळणार? आदल्या दुपारी चर्च झाडायची पाळी माझी होती. पायपेटीमागे झाडू घातला तेव्हा मागची फळी निसटली आणि आत चामड्याची एक पट्टी दिसली. दोन टोकांना चुका, म्हणजे बारीक खिळे, मारलेल्या, मधे सैल, नुसती लोंबत होती. मला वाटलं, कारखान्यातलं कुणीतरी विसरून गेलंय. ब्लेडनं कापली, फळी बसवली, उरलेला केर काढला. त्या पट्टीला झडप म्हणतात आणि तिच्यावाचून भात्यात हवा राहत नाही, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी झालं.

साल एकोणीसशे बासष्ट. धामणवाड्याच्या लूथरन मिशनच्या शाळेत मी अकरावीला होतो. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. माझे वडील विणकर. येशू ख्रिस्ताशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण त्या शाळेत मारत नाहीत, असं त्यांनी बाजारात ऐकलं होतं आणि घरी मला मारून मारून ते थकले होते.

मारत नसत हे खरं. काही मोडलं, फुटलं, हरवलं तर 'कोणी केलं?' एवढंही तिथं विचारत नसत. रेव्हरंड आढाव आमचे हेडमास्तर आणि तेच चर्चचे पाळक, म्हणून पाळकसर. त्यांची एक पद्धत होती. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळं वसतिगृह उभं राहायचं. एक मिनिट शांतता. ज्याला बोलायचं त्यानं त्या मिनिटात बोलावं. कुणी बोललं नाही तर सगळ्यांनी एका आवाजात पापांगीकार म्हणायचा आणि भरपाईही सगळ्यांनी मिळून करायची. बाहेरगावचे हेडमास्तर ही पद्धत बघायला यायचे आणि मान हलवत जायचे. माझ्यासारख्या मुलाला मात्र ती फारच मानवली होती. घरी माझ्या प्रत्येक गुन्ह्याला मी एकटा पुरायचो; इथं शंभर जण वाटेकरी.

दुसरी पद्धत एकतीस ऑक्टोबरची. त्या तारखेला लूथरनं चर्चच्या दारावर आपला कागद ठोकला, म्हणून तो आमच्या शाळेचा सण. त्या दिवशी अकरावीचा अख्खा वर्ग चर्चमध्ये तीन स्तोत्रं म्हणायचा. अख्खा म्हणजे अख्खा. ख्रिस्ती असो, हिंदू असो, सुरेल असो की माझ्यासारखा असो, निवड करायची नाही, कुणाला वगळायचं नाही, असा नियमच होता. नेम्या गाऊ शकत नव्हता, तर तो आठवीपासून पेटी वाजवत होता. वर्गात त्याला दुसरी जागा तशी नव्हतीच. वक्तृत्वात नाही, नाटकात नाही. कबड्डीतसुद्धा निदान 'कबड्डी' तरी म्हणावं लागतं.

तर, पेटी बंद पडली तेव्हा एकतीस तारखेला तीन आठवडे होते.

"मागची फळी काढून बघू," पाळकसर म्हणाले आणि पेटीकडे निघाले.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. विचार करायला वेळ नव्हता, म्हणून चांगलं सुचलं.

"सर, पेटी कशाला पाहिजे? बत्तीस गळे आहेत की आपल्याकडे!"

पाळकसर थांबले. वळले. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं की मी सहसा खाली बघायचो.

"पराते, पुन्हा बोल."

"नाही म्हणजे... आपण नुसतंच गाऊ, सर. वाद्याशिवाय."

"चार आवाजांत," सर हळूच म्हणाले. "वाद्याशिवाय, चार आवाजांत! सेमिनरीत असताना आम्ही गायचो. वीस वर्षं माझ्या मनात आहे हे. पण मुलांना झेपेल की नाही, म्हणून..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि सुचवलं कुणी, तर परातेनं! बत्तीस गळे! ऐकलंत का, लेकरांनो?"

आम्ही वर्गात नेम्याला धरून बत्तीस होतो. माझा आकडा कुणी दुरुस्त केला नाही. नेम्यानं पेटीचं झाकण आवाज न करता लावलं.

शनिवारी आम्ही उभे राहिलो. मिनिट सुरू झालं. माझ्या शेजारी शांतवन गजभिये होता. चांगला धिप्पाड, वर्गातला सगळ्यात खालचा आवाज त्याचा. त्या शांततेत त्याचं पोट गुरगुरलं, एवढंच. मग पापांगीकार झाला. मी खणखणीत म्हटला.

"पेटी कदाचित आपोआप बिघडली असेल," पाळकसर म्हणाले. "पण ती आपल्या हवाली होती, म्हणून भरपाईही आपली. अकरावीनं फाटकापासून चर्चच्या पायरीपर्यंत दगडांची वाट बांधायची. नागपूरचा मिस्त्री नाताळानंतरच येईल, तेव्हा पेटीचं बघू."

रोज शाळा सुटली की आम्ही नदीतून दगड आणायचो. आणि इथंच ते घडलं, ज्याविषयी पाळकसर पुढं जन्मभर बोलत राहिले. दगडाची पाटी हातोहात द्यायची म्हणजे ताल लागतो. ताल लागला की पोरं गाणारच. खालच्या आवाजाची पोरं नदीत, वरच्या आवाजाची चर्चपाशी, मधली मधे, अशी रांगच शांतवननं लावली. दहाव्या दिवशी नदीतला सूर फाटकातून वर चढून चर्चच्या पायरीशी दुसऱ्या सुराला मिळायला लागला. जेवणाच्या रांगेत गाणं, आंघोळीच्या हौदावर गाणं. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन पोरं एका आवाजात पडली म्हणून एका ताटात जेवायला लागली. नववीची मुलं आम्हाला बघून आपणहून दगड उचलायला आली. मी इतका बेसूर, पण दोन्ही बाजूंनी दोन सुरेल कोंबून पाळकसरांनी मलाही सुरात आणलं.

"काहून बे, पराते," शांतवन एकदा पाटी माझ्या हातात देत म्हणाला, "पेटी बिघडली ते बरंच झालं ना? कुणी बिघडवली असेल तर त्याचे उपकारच म्हणायचे."

"म्हणायचे," मी म्हणालो.

"आणि तुहे. तुहं डोकं कसं चाललं, गड्या! आम्हाला वाटलं होतं, तुह्या डोक्यात नुसत्या चिंचा."

मी नम्रपणे हसलो. नम्रपणे हसण्याचा मला तेव्हा सराव नव्हता, पण तीन आठवड्यांत झाला.

नेम्याही दगड उचलायचा. कुणाहून कमी नाही. आम्ही गायचो आणि तो पाटी पुढं द्यायचा. मधल्या सुटीत मात्र तो चर्चमध्ये जायचा. फळी काढून, कंदील धरून आत उजेड पाडायचा आणि बघत बसायचा. एका दुपारी मी हौदावर कपडे आपटत होतो, तर हा शेजारी येऊन उभा.

"पराते. गलोल दाखव."

"कशाला?"

"बघतो."

न दाखवावी तर संशय. दाखवली. त्यानं ती उलटी धरली. चामड्याच्या कडेला चुकेचं एक बारीक भोक होतं. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"चांगलं चामडं आहे. कुठलं?"

"चपलेचं. जुन्या."

"बरं," नेम्या म्हणाला आणि गलोल माझ्या हातात परत दिली. मग माझ्या सदऱ्याच्या पाठीवर साबण राहिला होता, तो त्यानं दाखवला आणि गेला.

सत्तावीस तारखेला, सकाळच्या तालमीला आम्ही चर्चमध्ये शिरलो, तर नेम्या आधीच पेटीपाशी.

"सर," तो म्हणाला, "झाली."

मी माणसं आनंदात पुष्कळ पाहिली आहेत. आवाज न करता एवढा आनंद झालेला माणूस पाहिला नाही. रविवारच्या बुटाची जीभ कापून त्यानं झडप बनवली होती. तेल लावून दोन दिवस मऊ केली, मोजून कापली, जुन्याच चुकांवर बसवली. त्यानं पायटे दाबले. सूर निघाला. चांगला, भरदार. फक्त चामडं नवं असल्यानं पाय बदलताना मधेच बारीकसं 'खस्स' व्हायचं.

त्यानं पहिल्या स्तोत्राच्या चार ओळी वाजवल्या आणि आमच्याकडे बघितलं.

"शाबास, नहेम्या!" पाळकसर म्हणाले. "अरे, मिस्त्रीच आहेस तू! मग काय, लेकरांनो? पेटी घ्यायची ना?"

वर्गाला विचारून करायचं, हीही तिथली पद्धतच. एकतीस चेहरे जमिनीकडे. अडीच आठवडे आम्ही नुसत्या गळ्यांवर उभे होतो. आसपासच्या चार मिशनांत बातमी गेली होती. पेटी आली की आम्ही इतर सालांच्या अकरावीसारखेच. नको असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि नको म्हणायची सगळ्यांनाच लाज वाटत होती. मी मधे तोंड घातलं नसतं तर त्या लाजेपोटीच पेटी घेतली गेली असती, याबद्दल मला आजही शंका नाही. बरी माणसं होती सगळी.

"हिला झालं होतं तरी काय?" सर म्हणाले. "सांग बरं, नहेम्या. तुटलं होतं का कापलं होतं?" आणि ते पेटीच्या मागं जायला लागले.

नेम्यानं मान खाली घातली. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तो फक्त पायटे हळूहळू दाबत राहिला. खस्स. खस्स.

"सर," मी म्हणालो, "हिचा घसा बसलाय. चला, नेम्याला एकदाची जोडीदारीण मिळाली!"

आधी एक जण फिसकला. मग सगळं चर्च. शांतवन तर बाकावर बसला, त्याला हसू आवरेना. पाळकसर "पराते!" म्हणून ओरडले, पण ओठ त्यांचेही हलले आणि ते पेटीमागं जायचे विसरले. नेम्याही हसला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे.

"असंच गाऊ ना, सर," हसू ओसरल्यावर शांतवन म्हणाला. आता ते म्हणणं सोपं झालं होतं. "छान होऊन राहिलं. पेटी पुढच्या वर्षी घेऊ."

"हो सर, पुढच्या वर्षी," बाकीचे म्हणाले.

आम्ही अकरावीत होतो. पुढच्या वर्षी तिथं आमच्यातलं कुणीच असणार नव्हतं.

लोकांना हसवायचा उद्योग मी पुढं चाळीस वर्षं केला. मंत्र्यांची टोपी उडवली, संपादकांची उडवली, सासऱ्यांचीही एकदा उडवली. लोक विचारायचे, हे तुम्हाला कुठं सुचतं? मी म्हणायचो, आंघोळ करताना. पण एका वाक्यात अख्खी खोली हसवायची आणि कुणाला तरी जागेवरून उठवायचं, हे मला प्रथम जमलं ते चर्चमध्ये, सत्तावीस ऑक्टोबरला, सकाळी साडेसातला. इतकं सहज जमलं की मलाच आश्चर्य वाटलं.

नियम मात्र नियम होता. वर्गातलं कुणी रिकामं राहता कामा नये. पाळकसरांनी थोडा विचार केला.

"नहेम्या, तू सूर द्यायचा. प्रत्येक स्तोत्राच्या आधी एक पट्टी दाबायची, म्हणजे सगळ्यांना धरता येईल. वाद्याशिवाय गाताना हे फार जबाबदारीचं काम आहे, बरं का."

"हो, सर," नेम्या म्हणाला.

त्या संध्याकाळचं शांततेचं मिनिट मला पहिल्यांदाच साठ सेकंदांचं वाटलं. मी ते पूर्ण वापरलं. तोंड उघडलं नाही.

एकतीस तारखेला दुपारी चार वाजता चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. चार मिशनांची माणसं आली होती. येताना सगळे आमच्या नव्या दगडी वाटेवरून आले आणि बायका वहाणा काढून हातात धरून आल्या, इतकी ती सुरेख झाली होती. आम्ही पांढऱ्या सदऱ्यांत, तीन रांगांत, समोर. नेम्या कडेला, पेटीशी. त्यानं बूट घातले होते. एकाची नाडी मोज्यावरच बांधलेली.

पाळकसरांनी मान हलवली. नेम्यानं पायटे दाबले आणि एक पट्टी दाबली. सूर आला. त्यानं बोट उचललं, हात मांडीवर ठेवले. आम्ही गायला लागलो.

कसं झालं, हे मी सांगू नये. मी त्यात होतो. एवढंच सांगतो की दुसऱ्या स्तोत्राला मी शांतवनचा हात धरला आहे हे मला कळलं नाही, आणि त्याला कळलं होतं पण त्यानं सोडवला नाही. पहिल्या बाकावरची म्हातारी उघड रडत होती. एवढ्या माणसांचा एक आवाज होतो तेव्हा आपलं जे काही वाईट आहे ते त्यात बुडून जातं, असं वाटतं. माझं जवळजवळ बुडालं होतं. तिसऱ्या स्तोत्राला माझी नजर कडेला गेली.

नेम्याचे हात मांडीवर होते. पण बोटं हलत होती. सगळं स्तोत्र तो मांडीवर वाजवत होता. एकही ओळ न चुकता.

शेवटी पाळकसर उभे राहिले. त्यांना दोनदा खाकरावं लागलं. "आज," ते म्हणाले, "या वर्गातलं एकही लेकरू बाजूला राहिलं नाही."

हे वाक्य त्यांनी पुढं वीस वर्षं प्रत्येक निरोपसमारंभात सांगितलं. बासष्टचा वर्ग, बत्तीस गळे, आणि ते सुचवणारा एक कोष्ट्याचा खोडकर मुलगा. ते गेले तेव्हा मृत्युलेख लिहायला शाळेनं मलाच सांगितलं. मी लिहिला. चांगला उतरला.

पण मी सांगत होतो त्या दुपारचं. बाहेर गुलमोहराखाली सगळ्यांना जिलबी वाटत होते. नेम्या एकटा पायरीवर बसून खात होता. मी जाऊन शेजारी बसलो. पानातल्या जिलबीकडे बघत म्हणालो,

"नेम्या, ते चामडं..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"हौदावर. चुकेचं भोक."

"मग सरांना सांगितलं का नाहीस? त्या दिवशी ते विचारत होते तेव्हा तरी?"

त्यानं जिलबीचा तुकडा संपवला. बोटं चाटली.

"तुम्ही सगळे एवढे छान गात होता ना," तो म्हणाला.

मी उठलो. "थांब. मी सांगतो त्यांना. आत्ता."

नेम्यानं समोर बघितलं. गुलमोहराखाली पाळकसर उभे होते. तोंडात जिलबी, दोन्ही हातांत लोकांचे हात, आणि शांतवन त्यांना उचलायच्या बेतात होता. त्यांना असं हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"आज नको," नेम्या म्हणाला.

मी बसलो. फार झटकन बसलो. मग उद्या सांगू म्हटलं, मग शनिवारी, मग नाताळच्या सुटीनंतर. नाताळच्या सुटीनंतर नेम्या परतच आला नाही. त्याचे वडील गावोगाव सुवार्ता सांगायचे. त्यांची दूर कुठंतरी बदली झाली, तिथल्या शाळेत त्याचं नाव घातलं. पत्ता ऑफिसात होता. मी मागितला नाही.

त्या दुपारी पायरीवर नेम्यानं जिलबीचं रिकामं पान चुरगाळून खाली ठेवलं. मग त्यानं माझ्याकडे तोंड केलं. काहीतरी विचारायचं होतं त्याला. आता हा विचारणार, का कापलंस, का हसवलंस, असं मला वाटलं.

"पराते, खरं सांग. तिसऱ्याला मी दिलेला सूर जरा खाली होता का रे?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी बरोबर होता."

त्या तीन आठवड्यांत मी त्याच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य हे.